समोरच्या खाटेवरची तिन्हीसांज

गरोदर बाईच्या खाटेसमोर बाळकृष्णाचं चित्र लावायचं, म्हणजे सकाळी डोळे उघडले की पहिलं तेच दिसतं आणि मूल तसंच गुटगुटीत होतं, हा आमच्या घरातला कायदा. माझ्या वेळी आईसमोरही ते लावलं होतं. मी जन्मले ती काळी, काटकुळी आणि किरकिरी. पण त्याने कायद्याला काही बाध आला नाही. "चित्र नसतं तर याहून वाईट झालं असतं," असं आई म्हणते, आणि यावर काय वाद घालणार?

माझ्या समोर मात्र भलतंच चित्र आलं. २०२० च्या नोव्हेंबरात मला डब्लिनपासून तीन तासांवरच्या कासलबारच्या रुग्णालयात दाखल केलं, तेव्हा माझ्या समोरच्या भिंतीवर एका जुन्या अमेरिकन निसर्गचित्राची भली मोठी छापील प्रत काचेच्या चौकटीत लावलेली होती. खालच्या पट्टीवर एवढंच वाचता येत होतं की चित्र एकोणिसाव्या शतकातलं आहे आणि हिवाळ्यातल्या संध्याकाळचं आहे. चित्रकाराचं नाव चौकटीच्या कडेखाली दबून गेलं होतं. सगळीकडे बर्फ, पानं झडलेली झाडं, गोठलेला ओढा, त्याच्या वळणावर एक तुटका खुंट, आणि झाडांच्या मागे बुडून गेलेल्या सूर्याचा तांबूस पट्टा. घर नाही, गुरं नाहीत, चिटपाखरू नाही. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, घ्या.

आम्ही त्याच उन्हाळ्यात डब्लिनच्या क्लोनडॉकिन उपनगरातून इकडे पश्चिमेला मेयो परगण्यात आलो होतो. नवऱ्याला वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात नोकरी लागली होती, आणि माझं सॉफ्टवेअर तपासायचं काम तेव्हा सगळ्यांसारखंच घरून चालू होतं. क्लोनडॉकिनला कढीपत्ता संपला तर मागायला मराठी घरं होती. इथे कुंपणापलीकडे मेंढ्या होत्या. तरी दिवस मजेत चालले होते. बाळंतपणाला आई येणार होती, तिने डिंकाचे लाडू कसे आणायचे इथपर्यंत ठरवलं होतं. मग व्हिसा बंद झाले, विमानं बंद झाली, आणि आई सांगलीतच राहिली.

सातव्या महिन्यात एका सकाळी मला रक्त गेलं. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडावर येऊन बसली होती. डॉक्टरीणबाई माझ्या खाटेच्या कडेला उभ्या राहिल्या आणि मास्कमधून अगदी सावकाश म्हणाल्या, "आता तू घरी जायचं नाही. पुन्हा असंच रक्त जाईल, ते कधी ते सांगता येणार नाही, आणि गेलं तर आम्हाला लगेच ऑपरेशन करावं लागेल. बाळ जितके दिवस आत राहील तितकं त्याच्या फायद्याचं." म्हणजे बाळाला आत थांबवून धरणं हे माझं काम, आणि त्यासाठी मला करता येण्यासारखं काहीही नाही. मी जन्मात कधी स्वस्थ बसलेली नाही. मला पडून राहायला सांगणं म्हणजे शिक्षाच.

भेटायला कुणालाच परवानगी नव्हती. नवरा रोज संध्याकाळी कारखान्यातून सुटला की खालच्या दारात पिशवी ठेवायचा आणि गाडीत बसून मला फोन करायचा. माझी खिडकी दुसऱ्या बाजूला होती, त्यामुळे आम्ही एकाच इमारतीपाशी असून एकमेकांना फोनवरच बघत होतो. खोलीत चार खाटा होत्या, पण अंतर ठेवायचं म्हणून दोनच भरलेल्या. एक माझी, आणि एक बरोबर माझ्या समोरची, त्या चित्राच्या खालची.

त्या खाटेवर मेयोतलीच एक शेतकरीण होती. चाळिशीला टेकलेली, लाल गालांची, रक्तदाब चढल्यामुळे ठेवून घेतलेली. तिच्या घरी मेंढ्या होत्या आणि त्या आता नवऱ्याच्या हवाली होत्या. हे तिला त्या रक्तदाबापेक्षा जास्त लागलं होतं. दिवसातून चारदा ती फोनवर त्याला सांगायची की कुठल्या मेंढ्या कुठल्या रानात घालायच्या, आणि फोन ठेवून मला म्हणायची, "युअर मॅनला दोन दिवसांत सगळा कळप हरवता येईल." युअर मॅन म्हणजे तिचाच नवरा, इकडे असंच म्हणतात. उंटावरून शेळ्या हाकणं ऐकून होते, खाटेवरून मेंढ्या हाकणं इथे पाहिलं. परिचारिकेने दाब मोजायला आल्यावर कसं आहे विचारलं की ही "ग्रँड" म्हणायची, म्हणजे इथल्या भाषेत झकास. आकडा काहीही असो, ही ग्रँड.

पहिल्याच दिवशी मी आईला व्हिडिओवर खोली दाखवली. खिडकी दाखवली, खाट दाखवली, फोन फिरवताना समोरची भिंत आली आणि आई थांबली.

"ते काय आहे भिंतीवर?"

"चित्र आहे गं. निसर्गचित्र."

"नीट दाखव." मी दाखवलं. आई म्हणाली, "वठलेली झाडं आहेत की सगळी. आणि तिन्हीसांज. तू रात्रंदिवस तेच बघायलीस?"

मला तिचं मन कळत होतं. गरोदर बाईने तिन्हीसांजेला झाडाखाली जाऊ नये, उंबऱ्यात बसू नये, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. इथे तर झाडंही होती, तिन्हीसांजही होती, आणि ती वेळ उलटून जाण्याचीही सोय नव्हती. मी हसण्यावारी नेलं. पण आईने ते सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला बाळकृष्णाची तीन चित्रं फोनवर पाठवली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काढता येत नसेल तर झाकून टाक की." चौथ्या दिवशी तिचा आवाज कापरा झाला होता. "मी तिथे असते तर मी काय मागितलं असतं का तुझ्याकडे काही? मला इथनं काहीच करता येत नाही गं. एवढं तरी ऐक."

यापुढे कुणाचं चालतं? त्या दुपारी समोरचीला सोनोग्राफीला नेलं होतं. मी परिचारिकेला म्हटलं की आमच्याकडची एक रीत आहे, तेवढं चित्र झाकता आलं तर बरं होईल. ती बिचारी चांगली. काही विचारलं नाही, कपाटातून एक पांढरी चादर काढली आणि चौकटीवर नीट चारी बाजूंनी सोडली. मी फोटो काढून आईला पाठवला. आईने हात जोडल्याची खूण पाठवली. मला वाटलं, चला, एक काम मिटलं.

समोरची परत आली ती चाकांच्या खुर्चीवरून हसत, काहीतरी सांगत. दारातून आत आली आणि वर पाहिलं. खाटेवर चढली, माझ्याकडे पाठ करून झोपली आणि पडदा ओढून घेतला. संध्याकाळी युअर मॅनचा फोन वाजला तोही तिने घेतला नाही. मला वाटलं, सोनोग्राफीत काहीतरी वाईट निघालं. विचारायचं धाडस झालं नाही.

सकाळी न्याहारी आली तेव्हा पडद्याआडून तिचा आवाज आला. "ती चादर कुणी लावली?"

"मी लावायला सांगितली," मी म्हटलं. "का?"

तिने पडदा सरकवला. डोळे सुजलेले. म्हणाली, "आमच्याकडे घरात कुणी गेलं की काचेवर चादर टाकतात. आरशांवर, तसबिरींवर. प्रेत घरात असेपर्यंत." मग म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी मी इथूनच घरी गेले होते. रिकाम्या हातांनी. दार उघडलं तर सासूने दिवाणखान्यातल्या आरशावर पांढरी चादर टाकलेली. तिने चांगल्या मनानेच केलं होतं. पण बाळ आहे की नाही हे मी तोवर स्वतःशी नक्की केलं नव्हतं. ती चादर बघितली आणि कळलं."

मी बसल्या जागी घंटा दाबली आणि परिचारिका येईपर्यंत सारखी "सॉरी, सॉरी" म्हणत राहिले. तिच्या डोक्यावर प्रेताची चादर टांगून मी रात्रभर झोपले होते. चादर निघाली. झाडं, बर्फ आणि तांबूस पट्टा पुन्हा समोर आला. ती म्हणाली, "आता ग्रँड." पण आता सांगलीचं काय? इकडे आड, तिकडे विहीर. आईपासून लपवायचं ठरवलं तर फोन जरा तिरका धरला की काम झालं असतं. मी तसा धरूनही बघितला. पण माझा स्वभाव तसला नाही. दुपारी आईचा फोन आला तेव्हा मी सगळं सांगून टाकलं, आणि ती रडेल किंवा भांडेल म्हणून तयार राहिले.

आई भांडली, पण भलत्याच बाजूने. "तिच्या डोक्यावर चादर टांगलीस? पांढरी? तिला न विचारता?"

"तूच तर चार दिवस मागे लागली होतीस."

"मी झाक म्हटलं. दुसऱ्या पोटुशी बाईच्या डोक्यावर टांग म्हटलं होतं होय? तुला काही अक्कल?" मग जरा दमाने म्हणाली, "काढलीस ना?"

"काढली."

"बरं केलंस. असू दे ते चित्र आता. तिचं बीपी किती आहे?"

त्या दिवसापासून आईला दोन मुली झाल्या. रोज दुपारी एकला तिचा फोन यायचा, कारण तिकडे तेव्हा दिवेलागण व्हायची. देवापुढे दिवा लावला की ती फोन समोर ठेवून स्तोत्र म्हणायची, आणि मी इकडे बटाट्याचा लगदा खात ऐकायची. आता तिने आवाज वाढवायला सांगितला, म्हणजे समोरचीलाही ऐकू जाईल. मला फार लाज वाटायची. मी समोरचीची माफी मागितली तर ती म्हणाली, "राहू दे की. आमच्याकडे नुसती जपमाळ. तुझी आई तर गाते." पुढे पुढे एक वाजायला आला की ती टीव्ही बंद करून बसायची.

मग आईच्या डोक्यात आलं की तिची ओटी भरायला हवी. "तिचं डोहाळजेवण कुणी केलं असणार तिथे?" माझंही कुणी केलेलं नव्हतं, पण ते आईच्या लेखी नंतरचं. नवऱ्याला हुकूम सुटला. त्याने सुपरमार्केटमधून नारळ आणला, तांदूळ आणले आणि पिशवी दारात दिली. स्वागतकक्षातल्या बाईंनी नारळ हलवून पाहिला म्हणे. न्हाणीघराखेरीज मला खाटेवरून उठायची मुभा नव्हती, म्हणून परिचारिकेने मास्क, हातमोजे, एप्रन अशा थाटात तिची ओटी भरली, आणि आई सांगलीतून "आधी तांदूळ, आधी तांदूळ" म्हणून ओरडत होती. समोरचीने नारळ दोन्ही हातांत धरला आणि मला विचारलं, "आता याचं काय करायचं?" मी म्हटलं, काही नाही, सांभाळायचा. तिने तो तिच्या प्रेसमध्ये, म्हणजे उशाशी असलेल्या कपाटात, स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवला. त्या दिवशी आम्ही सगळ्याजणी फार हसलो. हसताना मी पोट धरून होते, कारण हसण्याचीही भीती वाटायची.

भीती जायची नाहीच. प्रत्येक वेळी न्हाणीघरात गेले की मी आधी खाली बघायची. सकाळी उठले की पहिला हात पोटावर, बाळ हललं की श्वास. फोनवर बातम्या उघडल्या की रोग्यांचे आकडे, म्हणून फोन बंद. पुस्तकाच्या एका पानावर मी आठवडाभर होते. मग समोरचं चित्र उरलं.

आधी रागानेच बघायची. पण इतकं बघितल्यावर राग टिकत नाही. माझ्या लक्षात आलं की त्यातला बर्फ पांढरा नाहीच. झाडांच्या बुडाशी तो जांभळा आहे, पट्ट्याच्या बाजूला गुलाबीसर आहे, ओढ्याच्या काठाला तर थोडा हिरवट. पांढरा म्हणावा असा एक ठिपका मी शोधत होते, तो सापडला नाही. मग दिसलं की फांद्या वाटेल तशा काढलेल्या नाहीत. टोकाकडे त्या इतक्या बारीक होत जातात की आभाळ कुठे सुरू झालं ते कळत नाही, आणि त्या टोकांना कळ्यांच्या गाठी आहेत. आई म्हणाली होती तशी ती झाडं वठलेली नव्हती. ती थांबली होती. मीही तेच करत होते.

खिडकीतली खरी संध्याकाळ तर डिसेंबरात चारलाच यायची आणि चहाचा कप रिकामा व्हायच्या आत आटपायची. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागायचे, काचेत आमचीच खोली दिसायला लागायची. समोरचा तांबूस पट्टा तेव्हाही तिथेच असायचा. मावळत होता, पण मावळून जात नव्हता. मला रोज एवढंच हवं होतं, आजचा दिवस सरू नये, अजून थोडा राहावा, बाळ अजून थोडं आत राहावं. ज्या कुणा माणसाने दीडएकशे वर्षांपूर्वी दूर अमेरिकेत गारठलेल्या बोटांनी तो उजेड धरून ठेवला, त्याने मला धीर दिला. हे मी शोभेसाठी लिहीत नाही. औषधं दिली त्यांचे उपकार आहेत, डबे आणले त्याचे आहेत, तसेच त्याचेही आहेत.

मी समोरचीला विचारलं, तू कधी बघितलंस का ते नीट? ती म्हणाली, "ते माझ्या डोक्यावर आहे. मला कसं दिसणार? मला तू दिसतेस."

नाताळच्या आधीच्या आठवड्यात, आठवा महिना संपत आला असताना, ती वेळ आली. संध्याकाळचे चार वाजत होते. आई झोपण्यापूर्वीचा फोन करून बसली होती, मी तो टेबलावर पाण्याच्या भांड्याला टेकवून ठेवला होता, आणि आम्ही डिंक इथे मिळतो का यावर बोलत होतो. मला काही दुखलं नाही. नुसतं गरम वाटलं. पांघरूण उचललं आणि मी घंटेकडे हात नेला, पण समोरचीने माझं तोंड बघून तिची घंटा आधीच दाबली होती, आणि वर मेंढ्यांना घालावी तशी हाकही घातली होती. खोली माणसांनी भरली. कुणी हाताला सुई लावली, कुणी खाटेच्या चाकांचे खटके सोडले. पूर्ण भूल द्यावी लागेल, वेळ नाही, असं मला सांगितलं. मी निघाले तेव्हा फोनमधून आईचा आवाज येत होता, "काय झालं? अगं काय झालं? बोल की." खाट दारातून बाहेर पडली आणि तो आवाज मागे राहिला. त्या क्षणी मला माझ्यापेक्षा तिचं वाईट वाटत होतं.

पुढचं मला दुसऱ्यांनी सांगितलेलं आहे.

समोरची खाटेवरून उतरली. तिला उठायची मनाई नव्हती, पण घाई करायला मनाई होती. पोट सावरत ती माझ्या टेबलापाशी आली, फोन उचलला, आपल्या खाटेवर जाऊन बसली आणि फोन आपल्या तोंडासमोर धरला. आईला इंग्रजी येतं ते "थँक्यू" आणि "टी". समोरचीला मराठी येत होतं ते "आधी तांदूळ". फोन तसाच चालू राहिला. परिचारिकेने येऊन दाब मोजला आणि फोन ठेवून पडायला सांगितलं, तर ही म्हणाली की पडते, पण फोन ठेवणार नाही.

शेवटी सुईण माझा फोन न्यायला आली आणि तिने त्या दोघींची तोंडं बघून सांगून टाकलं. समोरचीने फोन तोंडाजवळ नेला. "गर्ल," ती म्हणाली. "गर्ल. मदर ग्रँड. बेबी ग्रँड." ग्रँड आईला कळत होतं, महिनाभर तिचं बीपी विचारलं की हेच उत्तर मिळायचं.

नवरा अजून कारखान्यातून येऊन पार्किंगमध्येच होता. रुग्णालयाने त्याला तातडीने बोलावलं होतं, पण भूल दिल्यावर आत सोडत नव्हते, तर तो गाडीत स्टिअरिंग धरून बसला होता. त्याला आतून फोन यायच्या आधी सांगलीहून आला. "जावईबापू, मुलगी झाली हो तुम्हाला. दोघी ग्रँड आहेत." तो म्हणतो, सासूबाईंच्या तोंडी तो शब्द ऐकून आधी वाटलं की चुकीच्या माणसाचा फोन घेतला. मग तो गाडीत रडला. बाजूच्या गाडीतल्या अनोळखी माणसाने काच खाली करून अंगठा वर केला, याने मान हलवली, आणि तोही रडायला लागला.

मुलगी इवलीशी होती आणि काचेच्या पेटीत होती, पण तिचा श्वास तिचा ती घेत होती. काळी, काटकुळी आणि किरकिरी. शुद्धीवर येऊन मी आईशी बोलले तेव्हा आईने मुलीचं सगळं विचारलं आणि मग म्हणाली, "त्या चित्रात माणूस आहे, तुला दिसला होता का?"

"कुठला माणूस?"

"ती माझ्याशी बोलत होती तेव्हा तिच्या डोक्यावर तेच चित्र दिसत होतं. मी दुसरं काय बघणार? ओढ्याच्या वळणावर एक माणूस आहे, पाठीवर मोळी घेऊन. घरी निघालाय. तो पोचला की तू पण येशील असं मी धरून बसले होते."

तो खुंट आहे. फोनच्या पडद्यावर तो नखाएवढा दिसत असणार. मी म्हटलं, हो आई, आहे खरा. त्यानंतर ते वळण आठवलं की मलाही आधी मोळीच दिसते.

समोरचीला जानेवारीत मुलगा झाला. मी तेव्हा घरी होते, मुलीला नुकतंच पेटीतून सोडलेलं. संदेश आला त्यात शब्द नव्हते, नुसता फोटो होता, लाल गालांच्या पोराचा. मी तो आईला पाठवला आणि आईने सांगलीत पेढे वाटले. गल्लीत बायकांनी विचारलं, कुणाला झाला? आईने सांगितलं, आमच्याच एकीला.

आई आली ती २०२१ च्या ऑक्टोबरात, व्हिसा सुरू झाल्यावर. विमानतळावर तिने नातीला उचललं आणि पार्किंगपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. डब्लिनहून कासलबारला गाडीने तीन तास लागतात. अर्ध्या वाटेवर तिने विचारलं, "तिचं घर आधी लागतं की आपलं?" मी म्हटलं, तिचं थोडं बाजूला आहे, पण तू दमली असशील, आपण रविवारी जाऊ. आईने नुसतं माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पुढच्या वळणाला गाडी वळवली.

समोरची अंगणात उभी होती. खरं तर आता ती समोरची नव्हती, पण आमच्या घरात तिला दुसरं नाव नाही. ती आणि आई एकमेकींना पहिल्यांदा अख्ख्या दिसत होत्या. मला वाटलं होतं की मिठ्या मारतील, रडतील. तसं काही नाही. आईने तिचे दोन्ही हात धरले, ती आईला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि खुर्ची ओढून दिली. चूल पेटलेली होती, टेबलावर ब्रेड होता. मी सवयीने मध्ये बसले आणि भाषांतर सुरू केलं. आई म्हणते की प्रवास बरा झाला. ती म्हणते की चहात दूध किती.

तिसऱ्या वाक्याला आई मला म्हणाली, "तू जा गं बाहेर. पोरांना घेऊन जा. आम्हाला बोलू दे."

"तुम्ही बोलणार कसं?"

"तू नव्हतीस तेव्हा बोललो की."

मी दोन्ही पोरं काखोटीला मारून अंगणात आले. आत नुसता कपबशांचा आवाज येत होता, आणि अधूनमधून दोघींचा, एकीचा मराठीत आणि एकीचा इंग्रजीत. नवरा आणि युअर मॅन मेंढ्या बघत उभे होते. मला कुणाची गरज नव्हती आणि मी फार सुखात होते. जी दोन माणसं मी मरेन या भीतीने एकमेकींना धरून बसली होती, ती आत चहा पीत होती, आणि माझ्या दोन्ही हातांत दोन जिवंत पोरं होती.

परतताना गाडीत मी आईला विचारलं, त्या दिवशी फोनवर इतका वेळ तुम्ही काय बोलत होता? मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

आई खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "काही नाही. ती रडायला लागली की मी बोलायचे. मी रडायला लागले की ती."